गब्दूचं बाळसं

मुळीमहाराजांनी डबीचं झाकण उघडलं आणि पुढच्या तीन रांगा नाकासकट पुढे सरकल्या.

"आला का वास?"

"आला!" सगळं सभागृह म्हणालं. मागच्या रांगेपर्यंत वास पोहोचणं शक्यच नव्हतं, पण सगळ्यात मोठ्यांदा तीच रांग ओरडली.

"कशाचा आला?"

"मुळ्यांचा!"

"किती मुळ्यांचा?"

"एकवीस!"

वास कापराचा होता. औषधांच्या बाटल्या हुंगण्यासाठी सरकार मला बावीस वर्षं पगार देतंय, तेव्हा माझ्या नाकावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. मी औषध निरीक्षक. बाटलीवर लिहिलंय तेच बाटलीत आहे की नाही, एवढंच बघायचं माझं काम. जे लिहिलंय ते बहुतेक वेळा आत नसतं, म्हणून माझी नोकरी टिकून आहे.

त्या दिवशी मी सहाव्या रांगेत, साध्या शर्टात, कोणी पाहुणा असल्यासारखा बसलो होतो. पंख्याखाली जागा मिळाली नव्हती. शेजारचा माणूस दर दोन मिनिटांनी मान दाखवत होता. "बघा, काही दिसतं का?" काहीच दिसत नव्हतं. "गेल्या महिन्यात इथे नायटा होता!" नसलेला नायटा दाखवायला तो गावभर हिंडत असावा.

"रसायन म्हणजे काय?" महाराज गरजले.

"विष!"

"आणि माझ्या डबीत काय आहे? डोंगर आहे! पाऊस आहे! ऊन आहे!"

एवढं सगळं त्या मुठीएवढ्या डबीत मावत होतं. मग महाराजांनी नेहमीचा हुकमी खेळ केला. बोटभर मलम घेतलं, लोकांना दाखवलं आणि सरळ जिभेवर ठेवून गिळलं. बायांनी तोंडावर हात ठेवले.

"जे पोटात जातं ते कातडीला लावायला भ्यायचं कशाला?"

टाळ्यांनी पत्रे हलले. या न्यायाने मीठ खाता येतं म्हणून ते जखमेवर चोळायलाही हरकत नसावी. पण हा हिशेब त्या गर्दीत कोणाला सांगणार? ज्याची खाज एका रात्रीत गेली तो तर्क ऐकायला बसत नाही, तो पाया पडायला उभा राहतो.

आणि मग शेवटचा चमत्कार आला. महाराजांनी मंचाच्या कडेला बसलेल्या एका बाईकडे हात पसरले, तिच्या मांडीवरचं आठ महिन्यांचं बाळ उचललं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं. गोल चेहरा, लालबुंद गाल, गालांत बुडालेले डोळे. हनुवटीखाली अजून एक हनुवटी. प्रत्येक डबीच्या झाकणावर याच बाळाचा फोटो होता.

"मांडीला पुरळ आलं होतं, रडून रडून घर डोक्यावर घेत होतं. तीन दिवसांत पुरळ गेलं. आणि वर हे बाळसं! हे कोणी दिलं?"

"मुळीनं!"

बाळाला सगळे गब्दू म्हणत. त्याची आई माझी सख्खी भाची. म्हणजे झाकणावरचा चमत्कार माझा नातूच. आदल्या रविवारी मीही त्याचे गाल ओढून "काय रे लबाडा, काय खातोस?" म्हणालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्हाला वाटेल की या गोष्टीतला शहाणा मी आहे.

सभा संपल्यावर मी रांगेत उभा राहून सात डब्या घेतल्या. बाजूला लेबल होतं: फक्त मुळ्या. रसायन शून्य. दुष्परिणाम शून्य. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत. माझा अनुभव असा, की ज्या डबीवर 'दुष्परिणाम शून्य' असतं तिच्यात एक तर औषध नसतं, नाहीतर लेबल खोटं असतं. आणि औषध तर आत नक्की होतं. वर्षानुवर्षांचा नायटा एका रात्रीत घालवायची घाई मुळीला नसते.

त्याच संध्याकाळी ताईकडे गेलो. माझी मोठी बहीण आणि तिची लेक एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. जावई जहाजावर, सहा महिन्यांतून एकदा उगवतो. भाची तयार कपड्यांच्या कारखान्यासाठी घरी बसून कॉलर जोडते. खिडकीत शिवणयंत्र, खाली कॉलरींचा ढीग, आणि पलंगावर ताईपुढे उताणा पडलेला गब्दू.

ताईने डबीत तीन बोटं बुडवली आणि पोराच्या मांड्यांना, पोटाला, पाठीला मलम चोळलं. उरलेलं गालांना पुसलं. वर घट्ट लंगोट, त्यावर प्लास्टिकची चड्डी.

"ताई, पुरळ केव्हाच गेलं. आता कशाला?"

"गेलेलं परत येऊ नये म्हणून. आणि अंग बघ कसं भरलंय. मलम अंगी लागतंय हो त्याला!"

"अगं, अंगी दूध लागतं. मलम नुसतं अंगाला लागतं."

"तू गप. तुझ्या त्या गोळ्याबिळ्यांच्या दुनियेत सगळेच चोर. एक चांगला माणूस दिसला की तुझ्या पोटात दुखायला लागतं."

भाचीने यंत्रावरचा पाय थांबवला. "मामा, एक विचारू? याचे कपडे मीच शिवते ना. तीन महिन्यांत याची कंबर दोनदा उसवली. पण पायाची लांबी तीच आहे. बाहीसुद्धा तीच. पोरं आधी लांबीला वाढतात ना रे?"

"आपल्या घरात कोण उंच आहे?" मी हसून म्हणालो. "आजोळवर गेलाय."

ती पुन्हा कॉलर जोडायला लागली. शिवणाऱ्या बाईला टेपने दिसलेलं सत्य मी एका विनोदात घालवलं. गब्दूचे हात मी तेव्हा नीट पाहिले असते, तर ते गालांच्या मानाने काड्यांसारखे आहेत हे मलाही दिसलं असतं. पण मी डबीकडे बघत होतो. माझं काम डबीचं.

दोघींना सावध करावं असं मनात आलं नाही असं नाही. पण आमच्या खात्याचा एक नियम आहे: छापा पडेपर्यंत घरच्यांनाही बोलायचं नाही. ताईला सांगितलं असतं तर तासाभरात गल्लीला कळलं असतं, आणि रात्र पडायच्या आत महाराज डब्या घेऊन पसार. "जरा कमी लाव," एवढंच बोलून मी चहा पिऊन उठलो.

प्रयोगशाळेने साडेतीन आठवडे घेतले. अहवालात एकवीसपैकी एकही मुळी नव्हती. मेण होतं, कापूर होता, हिरवा रंग होता, आणि एक जबरदस्त स्टेरॉइड होतं. हे औषध डॉक्टर मोठ्या माणसाच्या जाड कातडीवर, करंगळीच्या टोकाएवढं, मोजके दिवस लावायला देतात. ताई ते तीन बोटं भरून, दिवसातून तीनदा, प्लास्टिकखाली कोंडून तान्ह्या पोराला लावत होती. हे शेवटचं वाक्य मी अहवाल वाचताना मनात जुळवायला हवं होतं. मी जुळवलं ते एवढंच, की महाराज आता सापडले.

सोमवारी सकाळी छापा घातला. महाराजांच्या घरामागे पत्र्याची लांब शेड होती. आत सहा बाया ओळीने ओट्यावर उभ्या. प्रत्येकीपुढे मलमाच्या ट्यूबांचा ढीग आणि हातात लाटणं. ट्यूबचं बूच काढायचं, ट्यूब आडवी ठेवायची, तळापासून तोंडापर्यंत लाटणं फिरवायचं. आतलं पांढरं औषध परातीत, चपटी ट्यूब पोत्यात. कोपऱ्यात तशी अकरा पोती भरून उभी होती. पलीकडच्या शेगडीवर मेण वितळत होतं. एकवीस मुळ्यांची कथा ही. डोंगर, पाऊस आणि ऊन घाऊक बाजारातून खोक्यांनी येत होतं आणि लाटण्याखाली पिळून निघत होतं.

"मुळ्या कुठे आहेत?" मी विचारलं.

एका थोराड बाईने लाटण्यानेच दाराकडे बोट केलं. दाराजवळ एक टोपली होती, तिच्यात वाळकी लाकडं. "ती का? ती फोटोवाला येतो तेव्हा पुढे घेतो आम्ही."

तिच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. बोटांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, चकाकती, आतल्या निळ्या शिरा मोजता येतील अशी. मनगटाजवळ जांभळे डाग. "चार वर्षं लाटतेय," ती अभिमानाने म्हणाली. "कष्टाचे हात असे मऊ कुठे बघितलेत का साहेब? हल्ली नुसतं कशाला टेकलं तरी रक्त येतं, तेवढं सोडलं तर."

महाराज घरात सापडले. भगवी शाल काढल्यावर ते जे होते तेच उरले: एका दवाखान्यातून चोरीपायी काढलेला कंपाउंडर. कुठलं औषध काय करतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच नेमकं हे निवडलं होतं. झडती घेताना आतल्या खोलीत एक पाळणा दिसला. शेजारच्या फळीवर साधी पावडर, पांढऱ्या जेलीची बाटली, आणि बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी.

"हे कोणाचं?"

"नातवाचं. त्याला जरा पुरळ येतं."

"मग मुळीमलम नाही लावत?"

"छे छे, एवढ्याशा जिवाला कशाला उगाच..." आणि जीभ चावली. माझ्याबरोबरच्या शिपायाने खाली मान घालून ते वाक्य पंचनाम्यात उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदा महाराज खरं बोलले होते आणि ते फुकट जायला नको होतं.

दुपारी कचेरीत येऊन मी नोटीस काढली. काढली म्हणजे काय, कपाटातला छापील नमुना घेतला आणि मोकळ्या जागेत नाव भरलं: 'सदर उत्पादनाचे लेबल खोटे असल्याचे निष्पन्न झाले असून नागरिकांनी त्याचा वापर तात्काळ बंद करावा व जवळील साठा नष्ट करावा.' हे वाक्य मी रुजू झालो त्याच्या आधीपासूनचं. खोकल्याच्या औषधाला तेच, दंतमंजनाला तेच, केस वाढवायच्या तेलाला तेच. कोणी ते कधी बदललं नाही, मी तर नाहीच. खाली सही ठोकली. संध्याकाळपर्यंत नोटिसा भिंतीभिंतींवर चिकटल्या आणि भोंगा लावलेली गाडी गल्लोगल्ली तेच वाक्य ओरडत फिरली.

भाचीचा फोन आला. "मामा, खाली तुझीच सही आहे ना?"

"हो."

"मग आजपासून बंद. सगळ्या डब्या फेकल्या. आई रुसून बसलीये."

"बसू दे," मी म्हणालो. त्या दिवशी माझी छाती दोन इंच फुगली होती. वर्तमानपत्रात फोटो आला. मलम बंद, महाराज कोठडीत, विज्ञानाचा विजय.

महाराज दुसऱ्याच दिवशी जामिनावर सुटले. आणि शुक्रवारी सकाळी दहाला भाचीने फोनवर फक्त "मामा, गब्दू..." म्हटलं आणि पुढे तिला बोलता येईना.

सरकारी रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात गब्दू खाटेवर पडला होता. आदल्या दिवशी थोडी सर्दी, रात्रभर उलट्या, आणि आता हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. मान उचलली की लोळागोळा. हात गार. फक्त गाल तेवढे होते तसे गोल होते, आणि तेच बघवत नव्हतं.

बाहेर अंगणात शंभरेक माणसं जमली होती. ताईने गल्लीत एकीला सांगितलं होतं, एकीने गल्लीला. त्यांच्यामध्ये महाराज उभे होते, शालीसकट.

"मुळी धरली की तारते!" त्यांचा आवाज वॉर्डापर्यंत येत होता. "मुळी सोडली की मारते! सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं!" कधी सांगितलं होतं हे कोणी विचारलं नाही.

ताई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी लावत होते तोवर माझं लेकरू हसत होतं. तू बंद केलंस आणि हे झालं. आता सांग मला तुझं विज्ञान."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही वाटून गेलं की मुळीत काहीतरी असावं. बावीस वर्षांचा नास्तिक एका गार हातापुढे एवढाच टिकला.

डॉक्टरीणबाई आल्या. वय तिशीचं, केस कसेतरी बांधलेले, बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी गब्दूचे गाल पाहिले, मग बाही वर सारून हात पाहिले, उलटा करून पाठीवरची काळसर लव पाहिली. "अंगाला काय लावत होता?"

भाचीने पिशवीतून रिकाम्या डबीचं झाकण काढलं. झाकणावर गब्दू हसत होता. बाईंनी झाकण बाळाच्या चेहऱ्याशेजारी धरलं. "फोटोत दिसतंय की सगळं. हे बाळसं नाही. स्टेरॉइड फार झालं की चरबी गालावर आणि पोटावर साठते, हातपाय वाळतात, उंची थांबते. याची लांबी मोजली होती का कोणी?"

"मी मोजली होती," भाची म्हणाली. "तीन महिने एक सूतभर वाढला नाही."

"मग कोणाला सांगितलं नाहीत?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"मलम कधी बंद केलंत? हळूहळू?"

"सोमवारी. एकदम."

"एकदम?" बाईंचा आवाज चढला. "कोणी सांगितलं एकदम बंद करायला?"

भाचीने नोटीस काढली. चार घड्या घालून जपून ठेवली होती, मामाची सही म्हणून. बाईंनी वाचली. "हे वाक्य कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी नर्सला इंजेक्शन सांगितलं, साखरेचं सलाईन सांगितलं, आणि हात चालू ठेवूनच आमच्याशी बोलल्या. "घरी रोज बाहेरून जेवणाचा डबा यायला लागला की चूल पेटवायची कोण? चूल थंड पडते. शरीराचं तसंच आहे. आजारपण सोसायला लागणारं एक द्रव्य मूत्रपिंडावरची एवढीशी ग्रंथी रोज तयार करते. हे मलम कातडीतून आत जाऊन तेच काम करत होतं, म्हणून ग्रंथी झोपली. आणि तुम्ही एका दिवसात डबा बंद केलात. चूल थंड, घरात दाणा नाही, त्यात सर्दीचा पाहुणा आला. पोर उपाशी मरणार नाही तर काय? हे औषध काढायचं तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने काढतात."

ताई खाली बसली. मलम खरंच अंगी लागत होतं, तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने स्वतःची तीन बोटं पदरात लपवली.

दुपारी तीनला गब्दूने डोळे उघडले. चारला दुधासाठी रडला. इतकं कर्कश रडणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

पण बातमी आमच्याआधी अंगणात पोहोचली होती, आणि वाटेत तिचे हातपाय बदलले होते. मी पायऱ्यांवर आलो तेव्हा महाराज बाकावर चढले होते.

"ऐकलंत का? पोराला काय दिलं? तेच दिलं! माझ्या डबीत जे होतं तेच यांच्या सुईत! डबीत असलं की गुन्हा, सुईत असलं की उपचार! आता बोला!"

"डबी परत द्या! डबी परत द्या!" गर्दी ओरडली. मान दाखवणारा माझा तो शेजारी सगळ्यात पुढे होता. त्याचा नायटा परत आला होता, दुपटीने, आणि आता तो खरंच दिसत होता.

"एकच विचारतो," मी ओरडलो. "तुमच्या डबीत एकवीस मुळ्या होत्या, बरोबर? आणि बाळाला मुळी दिलेली नाही, स्टेरॉइड दिलंय. मग 'तेच दिलं' कसं म्हणता? म्हणजे तुमच्या डबीत मुळ्या नव्हत्या!"

महाराजांचं तोंड उघडं राहिलं. गर्दीतली काही माणसं चमकून त्यांच्याकडे बघू लागली. बाकीच्यांना ते कळलं नाही, पण पुढचं कळलं. कातडीच्या रोगांच्या रांगेतून शेडमधली ती थोराड बाई आली, हातांना पट्ट्या बांधलेली.

"मी लाटते तिथे," ती म्हणाली. "लाटत होते. मुळी मी एक बघितली नाही. मलमाच्या ट्यूबा येतात दुकानातून, त्या पिळायच्या, मेणात घोटायच्या, रंग टाकायचा. हे बघा." तिने एक पट्टी सोडली. पुढची रांग, जी सभेत नाकासकट पुढे सरकायची, ती मागे सरकली.

"आणि यांचा स्वतःचा नातू!" मी म्हणालो. "त्याला पुरळ आलं की हे बालरोगतज्ज्ञाकडे नेतात. मलम लावत नाहीत. 'एवढ्याशा जिवाला कशाला उगाच' हे त्यांचे शब्द, पंचनाम्यात आहेत. जे हा माणूस स्वतःच्या नातवाला लावत नाही, ते तुम्ही तुमच्या बाळांना का लावायचं?"

यावर मात्र आवाज झाला. बाक कलंडला, शाल कोणाच्या तरी हातात राहिली, आणि महाराजांना पोलिसांनी गर्दीतून काढून नेलं ते त्यांच्या भल्यासाठीच. मला फार बरं वाटलं. असं बरं वाटायला लागलं की माणसाने सावध व्हावं.

गर्दी पांगली. एक माणूस तेवढा खालच्या पायरीशी उभा राहिला. हात काळे, नखांत रबराचा चिकटा. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. त्याच्याही हातात चार घड्यांची नोटीस होती.

"साहेब, एक विचारायचंय. मी त्या महाराजांच्या सभेला कधी गेलो नाही. माझा विश्वासच नव्हता. मुलीला बायको लावायची. सोमवारी भोंगा आला, मी नोटीस वाचली, तिच्या हातून डबी घेतली आणि गटारात टाकली. साठा नष्ट करावा, असं लिहिलं होतं."

"मुलगी कुठे आहे?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"गुरुवारी गेली. पाच महिन्यांची होती. बायको म्हणते, तू डबी फेकलीस म्हणून गेली. मी तिला म्हटलं, वेडी आहेस, हे सगळं थोतांड असतं." त्याने नोटिशीची घडी उलगडली. "मघाशी आत डॉक्टरीणबाई सांगत होत्या ते दारातून ऐकलं. म्हणजे बायको म्हणते ते बरोबर का?"

शंभर लोकांपुढे महाराजांना गप्प करणारा मी, पायऱ्या उतरून त्या एका माणसासमोर उभा राहिलो. गावात कितीतरी जणींनी नोटीस न जुमानता डब्या लपवून ठेवल्या होत्या. त्यांची मुलं आज खेळत होती. याने एकट्याने अक्कल वापरली, चमत्कार नाकारला, सरकारचा शब्द मानला, आणि त्याचीच मुलगी गेली.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "पण चूक तुमची नाही. वाक्य माझं होतं. ते लिहिण्याआधी डॉक्टरांना एक फोन करायला हवा होता. मी केला नाही. नमुन्यात होतं म्हणून लिहिलं."

"नमुन्यात होतं म्हणून," तो म्हणाला.

तो रागावला नाही. रागावला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "मग आता दुसरी लिहा. डब्या लपवलेल्या बायका आहेत, त्याही कधीतरी बंद करतील."

डॉक्टरीणबाईंना बाहेर बोलावलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, पंक्चरवाल्याने वाचून पाहिलं. 'लवकरात लवकर डॉक्टरांकडे जावे' यावर त्याने काळं बोट ठेवलं. "आज लिहा. लवकरात लवकर म्हणजे कधी ते कोणाला कळत नाही."

नोटीस अशी झाली: 'मुळीमलमात मुळ्या नाहीत, जोरदार स्टेरॉइड आहे. बाळाला लावत असाल तर मनाने चालू ठेवू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका. बाळाला आणि डबीला घेऊन आजच सरकारी रुग्णालयात या. पैसे लागणार नाहीत, कोणी ओरडणार नाही. आमची सोमवारची नोटीस अपुरी आणि चुकीची होती.' त्याखाली मी आणखी दोन ओळी घातल्या, ज्या कोणत्याही नमुन्यात नाहीत: 'औषध विकणाऱ्याला विचारा, यात काय आहे आणि तुमच्या घरी कोण लावतं. बंद करायला सांगणाऱ्याला विचारा, बंद केल्यावर काय होतं. भगवी शाल असो नाहीतर सरकारी शिक्का, उत्तर मिळेपर्यंत विचारा.'

वाचणाऱ्यांनो, तुम्हालाही एवढंच सांगायचंय. बाबाच्या डबीपुढे डोकं गहाण टाकणं ही जशी अंधश्रद्धा, तशीच छापील वाक्यापुढे टाकणंही. पहिली आम्ही हातकड्या घालून घालवतो. दुसरी माझ्या कपाटात बावीस वर्षं होती आणि मी तिला विज्ञान म्हणत होतो.

गब्दू आता दीड वर्षाचा आहे. गाल गेले, पाय लांबले, दोन चड्ड्या भाचीने खाली उसवून वाढवल्या. शेजारणी म्हणतात, पोर रोडावलं. ताई टेप आणून त्याची उंची मोजते.

त्या शुक्रवारी नव्या नोटिशीची पहिली प्रत पंक्चरवाल्याने मागून घेतली आणि ट्यूबला ठिगळ लावायच्या चिकटाने रुग्णालयाच्या फाटकावर लावली. मी शेजारची सोमवारची नोटीस फाडायला हात पुढे केला, तर त्याने माझं मनगट धरलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "दोन्ही दिसू देत."